मालन रंगराव डुबल, वय चौसष्ट

साडी निवडण्यात केतकीने अख्खा शनिवार घालवला. हिरवी नको, हिरवी सगळेच देतात. पिवळी नको, त्या बाईंच्या रंगाला कशी दिसेल कोण जाणे. शेवटी डाळिंबी रंगाची इरकल ठरली. वर खण, नारळ, तांदूळ आणि हळदीकुंकवाच्या पुड्या घालून तिने ती पिशवी थोरल्या बहिणीच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवली. दार लावलं, पुन्हा उघडलं आणि नारळ कलंडणार नाही असा नीट बसवला.

"त्या बाईंची ओटी भरून ये, ताई," ती म्हणाली. "गुरुवारी माझं ऑपरेशन. त्याआधी हे झालंच पाहिजे. त्या नसत्या तर आपल्या दोघींना काही कळलंच नसतं."

विनयाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण गेल्या तीन वर्षांत नाही म्हणण्याचा उत्साहही तिच्यात उरला नव्हता. "बरं," असं म्हणून तिने सोमवारची रजा टाकली.

'त्या बाई' म्हणजे मालन रंगराव डुबल. वय चौसष्ट, राहणार वाघजाईवाडी, तालुका पाटण. विनयाने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तिच्या लेखी त्या एक नोंद होत्या, आणि त्या नोंदीवर तिचं अर्धं आयुष्य उभं होतं.

विनया कणसे साताऱ्याबाहेर माळावरच्या कर्करोग-माहिती केंद्रात कामाला होती. तिथे पेशंट येत नसत, त्यांच्या गाठी येत. जुन्या इस्पितळांच्या कपाटांतून मेणात जपलेले गाठींचे लहान लहान ठोकळे निघत, केंद्रात त्यांचा डीएनए वाचला जाई आणि मग 'सोयरीक' कामाला लागे. सोयरीक हा केंद्राचा प्रोग्रॅम, आणि हे नाव विनयानेच ठेवलेलं.

प्रत्येक पेशीत तीन अब्ज अक्षरांची एकच पोथी असते. पेशी वाढताना पोथीची नक्कल होते, नकलेत चुका होतात, आणि काही चुका अशा की पेशी थांबायचं विसरते. पूर्वी डॉक्टर कर्करोग ओळखत तो अवयवावरून. पोटाचा, स्तनाचा, आतड्याचा. म्हणजे तो कुठल्या घरात राहतो तेवढं पाहायचं, घराणं कुणी विचारायचं नाही. सोयरीक नेमकं ते विचारी. एकीच्या स्तनाच्या गाठीत आणि दुसऱ्याच्या पोटाच्या गाठीत तीच एक जन्मजात चूक योगायोगाच्या मानाने फार वेळा दिसली, तर या दोन कर्करोगांचं मूळ एक असावं, असं अनुमान निघे. असं काही जुळलं की केंद्रातली मंडळी एकमेकांना "स्थळ आलंय" म्हणत आणि चहा मागवत.

तसंच एक स्थळ चार वर्षांपूर्वी, दोन हजार बत्तीस साली आलं. चूक क्रमांक चारशे सतरा. ती विनयाच्या आईत होती, आणि आई शेहेचाळिसाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने गेली होती. विनयात होती, केतकीतही होती. स्तनाचं त्यांना आधीपासून ठाऊक होतं. वर्षाला तपासणी करायची, काही दिसलं तर लगेच हालचाल करायची, एवढंच. पण सोयरीक म्हणालं, हीच चूक पोटाचाही कर्करोग करते, आणि तोही लपून वाढणारा. या प्रकारात गाठ येत नाही. भिंतीत ओल मुरावी तसा तो अस्तराखालून पसरतो, दुर्बिणीला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्याच्यावर लक्ष ठेवता येत नाही. उपाय एकच, तो यायच्या आत पोटाची पिशवीच काढून टाकायची.

हे ठामपणे म्हणता आलं ते मालनबाईंमुळे. स्तन आणि पोट या दोन कर्करोगांना जोडणारा बाकीचा पुरावा तसा लंगडा होता. पण या एकाच बाईला दोन हजार चारमध्ये पोटाचा आणि सव्वीसमध्ये स्तनाचा, असे दोन्ही कर्करोग झाले होते, आणि तिच्यातही चारशे सतरा होती. ती एक नोंद जमेला धरली आणि पुराव्याचा काटा 'अनिश्चित'वरून 'घातक'वर गेला. दोन इस्पितळांतल्या, बावीस वर्षांच्या अंतरावरच्या त्या दोन नोंदी एकाच बाईच्या आहेत हे विनयाने स्वतः जुळवलं होतं. नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, गाव तेच, रेशनकार्डाचा क्रमांक तोच, वयही बरोबर. असल्या पोटाच्या कर्करोगातून माणूस बावीस वर्षं जगतो म्हणजे चमत्कारच. तेव्हा विनयाला शंका यायला हवी होती. तिला आनंद झाला.

केंद्राने राज्यभर पत्रं पाठवली. अकरा बायकांनी पोट काढून घेतलं. त्यांतली पहिली विनया.

तेव्हापासून तिची अन्ननलिका थेट आतड्याला जोडलेली होती. भुकेची सूचना देणारं रसायन मुख्यतः पोटातच तयार होतं, ते बंद पडलं आणि भूक गेली. दिवसातून आठ वेळा फोन वाजे, आठ वेळा ती वाटीभर काहीतरी चावून चावून गिळे. नवरा हेमंत आधी तिच्याबरोबर ताटावर बसायचा, मग त्याला एकट्याला पुढ्यात भरलं ताट घेऊन बसणं अवघड वाटू लागलं आणि तो टीव्हीसमोर जेवू लागला. यावर दोघं कधी बोलली नाहीत. बाकीच्या दहाजणी ऑपरेशनच्या आधी विनयाला फोन करत. कसं असतं हो मॅडम, म्हणून विचारत. ती सगळ्यांना एकच सांगे, "काही नाही हो. सवय होते."

वाघजाईवाडीचं घर शोधायला वेळ लागला नाही. पत्र्यावर सोलरच्या पाट्या, पुढे सारवलेलं अंगण, ओसरीवर खाटेवर पडलेले, कानाने अधू झालेले रंगराव. मालनबाई आत जेवायला बसल्या होत्या. त्या उठू लागल्या तशी विनया म्हणाली, "असू दे, सावकाश जेवा."

"मग तुमीबी बसा की. भाकरी हाय, ठेचा हाय."

"मला चालत नाही. तुम्ही जेवा."

बाई तब्येतीने जेवत होत्या. एक भाकरी संपली, दुसरी घेतली, तिच्यावर ठेच्याचा गोळा ठेवला आणि वर कच्च्या तेलाची धार सोडली. विनया बघत राहिली. केसही काळे होते बाईंचे. चौसष्टच्या काही दिसत नव्हत्या.

"तुम्हाला ठेचा चालतो? पोटाला?"

"पोटाला काय झालंय माज्या? दगडं पचवीन."

"नाही, म्हणजे दोन हजार चारला तुमचं पोटाचं जे दुखणं..."

मालनबाईंचा हात ताटातच थांबला. "ती थोरली," त्या म्हणाल्या.

"थोरली कोण?"

"माजी बहीण. पयली मालन. तिला पोटाचं झालं, सा म्हैन्यात गेली बगा. इथंच, या घरात. दोन पोरं ल्हान, म्हनून आयबापानं मला दिली ह्यास्नी. माजं म्हायेरचं नाव हौसा."

"मग मालन कसं?"

"लग्नात ठिवलं." हे काय विचारणं झालं, अशा नजरेने बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "सासूबाई म्हनल्या, घरात, भावकीत समद्यांच्या तोंडात त्येच नाव बसलंय. पोरांनी 'मालन कुटं गेली' म्हनून इचारायला नगं. घरात मालन हाय, मालन ऱ्हाऊ दे."

"आणि रेशनकार्डावर?"

"नाव हुतंच की त्यात. कशाला खोडायचं?" गळ्यात मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात चांदीचा लहानसा टाक होता, त्यावर बाईमाणसाची ठसठशीत आकृती. त्यांनी तो पदराने पुसला. "ही बगा, गळ्यातच असती माज्या. रोज निवद दावते. पयली ती, मंग मी."

विनयाला काहीच वाटलं नाही. तिने वही काढली आणि व्यवस्थित लिहून घेतलं. हौसाचा जन्म अंदाजे त्र्याऐंशीचा, लग्न दोन हजार पाचचं, म्हणजे खरं वय त्रेपन्न. थोरलीच्या मरणाची नोंद कुठे केली होती का? नव्हती केली. स्तनाचं ऑपरेशन झालं तेव्हा केसपेपरवर वय कोणी सांगितलं? मुलाने, रेशनकार्ड बघून. सगळं लिहून झालं आणि ती वही मिटणार तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, आपलं अक्षर अगदी नेहमीसारखं आलंय. त्याची मात्र तिला भीती वाटली.

मग तिने ओटी भरली. पिशवी आणलीच होती.

"कशापायी हे समदं?" मालनबाईंनी विचारलं.

"माझ्या धाकट्या बहिणीने पाठवलंय. तुमच्यामुळे तिचं..." तिने रिकाम्या पिशवीची घडी घातली. "तिने पाठवलंय," ती पुन्हा म्हणाली.

"औक्षवंत हो म्हनावं तिला," मालनबाई म्हणाल्या आणि साडीवरून हात फिरवू लागल्या.

मंगळवारी सकाळी विनयाने केंद्रात जाऊन ती नोंद उघडली आणि चार वर्षांपूर्वी मारलेली गाठ सोडली. एका मालनच्या दोन मालन केल्या आणि सोयरीकला हिशेब पुन्हा करायला लावला. प्रोग्रॅम चालू असताना तिने जुन्या फायली काढून पाहिल्या. चूक कशी झाली हे कळायला तासभरसुद्धा लागला नाही.

थोरलीच्या ठोकळ्यातला डीएनए मेणात राहून झिजला होता, निम्मी अक्षरं वाचताच आली नव्हती. दोन नमुने एकाच माणसाचे म्हणायचे तर पंचाण्णव टक्के जुळणी हवी, असा नियम होता. जुन्या ठोकळ्यांसाठी तो विनयाने सत्तरवर आणला होता. जुळणी आली त्र्याहत्तर. ती एका माणसाची नव्हती, सख्ख्या बहिणींची होती. आणि एकदा माणूस एकच ठरल्यावर, थोरलीची जी अक्षरं पुसली गेली होती ती प्रोग्रॅमने धाकटीच्या पोथीतून बिनदिक्कत भरून घेतली. चारशे सतरा त्या भरलेल्या अक्षरांत होती. थोरलीच्या पोटात ती मुळात कुणी पाहिलेलीच नव्हती.

साडेतीनला निकाल आला. 'अनिश्चित.'

तिने तो कागद केंद्रप्रमुख डॉ. किणीकरांसमोर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला, डोळे चोळले.

"अनिश्चित म्हणजे निर्धोक नव्हे," ते म्हणाले.

"नव्हे. पण घातकही नव्हे. आपल्याला माहीत नाही एवढंच."

"अकरा घरं आहेत, विनया. आणि त्यातलं एक तुझं." त्यांचा आवाज खरोखरच मऊ झाला होता. "समिती सत्तावीस तारखेला बसेल. ती ठरवील तोवर बाहेर एक शब्द जाता कामा नये. अर्धवट बोललो तर लोक खऱ्या पत्रांवरही विश्वास ठेवणार नाहीत. उद्या एखादीला खरोखर धोका असेल आणि ती आपलं पत्र फाडून टाकील."

"माझ्या बहिणीचं ऑपरेशन परवा आहे."

"तिला ताप आलाय म्हणून हॉस्पिटलला कळव. पुढे ढकल. तिलाही आत्ताच कारण सांगू नकोस."

"बरं," विनया म्हणाली. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि बरं म्हणायची तर तिला सवयच लागली होती.

बुधवारी सकाळी ती केतकीकडे गेली. केतकीने सुटी घेतली होती आणि पोटाचा निरोपसमारंभ चालवला होता. ओट्यावर मिसळीचा कट उकळत होता, टेबलावर पाणीपुरीची सगळी तयारी, फणसाचे गरे, आंबोळ्या. यापुढे जे जे पोटभर खाता येणार नाही ते ते सगळं. दिवाणावर हॉस्पिटलची बॅग भरून तयार होती.

"ये ताई. तुला वाटीत आंबोळीचा तुकडा देते. त्या बाई कशा आहेत? साडी आवडली?"

"आवडली. केतकी, गॅस बंद कर आणि इथे बस."

ताप आलाय म्हणून हॉस्पिटलला कळव, कारण नंतर सांगते, एवढंच म्हणायचं ठरवून ती आली होती. पण केतकी हात पुसत समोर येऊन बसली आणि विनयाने सगळं सांगून टाकलं. हौसा, पहिली मालन, रेशनकार्ड, सत्तर टक्के. ती मीटिंगमध्ये बोलते तशी एकसुरी बोलत होती. विनयाचं बोलणं संपल्यावर केतकी म्हणाली, "म्हणजे मला धोका नाही?"

"माहीत नाही."

"म्हणजे आहे?"

"माहीत नाही, केतकी. बाकीचा पुरावा इतका थोडा आहे की कुठल्याही बाजूने बोलता येत नाही. कळायला आणखी दहा वर्षं लागतील, कदाचित जास्त."

केतकी उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. "दहा वर्षं मी रोज सकाळी उठून हे माहीत नाही, माहीत नाही घेऊन बसू? आईचं शेवटचं वर्ष तू हॉस्टेलवर होतीस. मी घरात होते, बारा वर्षांची. मी बघितलंय. मला तसं मरायचं नाही." तिचा आवाज चढला. "मी उद्या जाते आणि काढून टाकते. चूक झाली तर झाली. तू काढलंसच ना? तुझं काय बिघडलं? तूच सगळ्यांना सांगतेस, सवय होते."

प्रोग्रॅममधली चूक सांगणं सोपं होतं. हे दुसरं विनयाने हेमंतलाही सांगितलं नव्हतं.

"सवय होत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"होत नाही. मी खोटं बोलत आले. दहाजणींशी बोलले, तुझ्याशीही. मला भूक लागत नाही, आणि नुसतं जेवणाचं असतं तर चाललं असतं. मला कशाचंच काही होत नाही, केतकी. हेमंत दारात आला की बरं वाटायचं, ते वाटत नाही. आईची आठवण यायची तेव्हा पोटात तुटायचं. आता आठवण येते आणि तशीच निघून जाते. हे ऑपरेशनमुळे की आणखी कशामुळे, मला सांगता येणार नाही. बाकीच्यांचं काय होतं तेही माहीत नाही, कारण मी कधी विचारलंच नाही. त्या विचारायच्या आणि मी सांगायचे." ती थांबली. "परवा ती बाई माझ्यासमोर दुसरी भाकरी खात होती. अकरा जणींचं पोट मी फुकट घालवलं हे मला त्याच मिनिटाला कळलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते काय, तर हेवा. तिच्या भाकरीचा. तीन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि ते हे."

केतकीचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती लहानपणी रडायची तशी हमसून रडू लागली. विनया तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. आपणही रडायला हवं हे तिला कळत होतं. रडू येत नव्हतं.

"तुझं विनाकारण गेलं गं," केतकी रडता रडता म्हणाली.

"हो. बहुतेक."

"आणि मी नाही काढलं, आणि पुढे खरंच निघालं तर?"

"तर तेही माझ्यामुळेच असेल. मी तुला काढू नकोस असं सांगायला आले नाही. ज्या कारणासाठी काढणार होतीस ते कारण राहिलं नाही, आणि काढल्यावर कसं असतं ते मी खरं सांगितलं नव्हतं. दोन्ही सांगायला आले. आता तू ठरव."

कटावर तेलाचा लाल थर जमला होता. मग केतकीने नाक पुसलं, फोन उचलला आणि पुण्याच्या हॉस्पिटलचा नंबर लावला. उद्याचं ऑपरेशन रद्द करायचंय, तिने सांगितलं. पेशंटचं नाव, नंबर सांगितला. पलीकडून काहीतरी विचारणा झाली. तिने क्षणभर विचार केला आणि फोन विनयापुढे धरला.

"कारण विचारतायत," ती म्हणाली. "तू सांग."

विनयाने फोन कानाला लावला.

"मॅडम, रद्द करायला कारण टाकावं लागतं," पलीकडची मुलगी म्हणाली. "आजारपण, प्रवास की वैयक्तिक?"

"दोन बायका होत्या," विनया म्हणाली. "आम्ही एकच समजलो."

"सॉरी?"

"आणखी काही पर्याय आहे?"

"'इतर' आहे. पण त्यात लिहावं लागतं."

"मग लिहा. कर्करोग-माहिती केंद्राच्या नोंदीत चूक. पोटाच्या धोक्याचा पुरावा राहिलेला नाही. असं आणखी कुणाचं ऑपरेशन तुमच्याकडे लागलं असेल तर थांबवा आणि मला फोन करा."

कीबोर्डचा आवाज आला. "कुणी कळवलं म्हणून टाकू? नातेवाईक?"

"नको. चूक करणारीचं नाव टाका. विनया दिनकर कणसे. लग्नाआधीही हेच, लग्नानंतरही हेच. जन्म चौदा मार्च एकोणीसशे शहाण्णव, सातारा. आईचं नाव..."

"मॅडम, एवढं सगळं लागत नाही."

"लागतं," विनया म्हणाली. "नाहीतर ते दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर जाईल."